येझदीची दुखणी

आमच्या कोल्हापूर भागात घरात येझदी मोटरसायकल असली, की कुणाच्या तरी खिशात प्लगचा पाना असणारच. आमच्याकडे तो काकांच्या लेंग्याच्या खिशात असे. काकू कपडे भिजवण्याआधी खिसे चाचपत, पाना काढून फडताळात हळद-कुंकवाच्या डब्याशेजारी ठेवत आणि मग काका सकाळी घरभर तो शोधत.

म्हैसूरला यादवगिरीत आयडियल जावा कंपनीच्या कारखान्यात 1961 पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या तंत्राने गाड्या होत होत्या. 1973 पासून त्याच घराण्यातल्या गाड्या येझदी नावाने येऊ लागल्या, आणि 1978 मध्ये रोडकिंग आली. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. तिच्या आवाजावर दिवाळी अंकांतून इतकं लिहून झालंय की मी तो सोडून देतो. मला आठवतात ती तिची दुखणी.

पहिलं दुखणं पेट्रोलपंपावरच सुरू व्हायचं. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागे. लिटरला साधारण 40 मिली. पण इंजिनाची काळजी म्हणून "अजून थोडं घाल रे" असं पंपावरच्या पोराला सांगणारे मालकच जास्त. मग गाडी धूर मारत निघायची आणि कुठल्यातरी चढाला प्लग शॉर्ट व्हायचा. काका गाडी कडेला घेत, प्लग काढून उन्हात धरत आणि निदान करत. टोक भाजलेल्या खोबऱ्यासारखं तपकिरी असलं तर सगळं ठीक. काळं आणि ओलं असलं तर ऑइल जास्त. पांढरं पडलं असलं तर मात्र काकांचा चेहरा उतरे, कारण इंजिन तापतंय आणि हवा कुठून तरी आत शिरतेय, याची ती खूण.

ही हवा कुठून शिरते ते सांगायला हवं, कारण टू-स्ट्रोकचा खरा जीव तिथेच आहे. अशा इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खाली क्रँकच्या पेटीत येतं, तिथे दाबलं जातं आणि मग सिलिंडरमध्ये चढतं. म्हणून क्रँकच्या दोन्ही बाजूंची रबरी ऑइल सीलं घट्ट असावी लागतात. वयाबरोबर रबर कडक होतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल प्यायला लागतं. मागे धुराचा लोट, आणि गिअरबॉक्स महिन्यागणिक कोरडा. दुसऱ्या बाजूचं गेलं तर ते जास्त वाईट: हवा आत येते, ऑइल-पेट्रोल कमी पडतं, गाडी हात न लावता रेस होते आणि गगनबावड्याच्या घाटात पिस्टन धरतो. अशा वेळी आमचे मिस्त्री म्हणायचे, "सायेब, तापलीय ती. जरा गप बसू द्या की!" थंड झाल्यावर किक बसली तर नशीब. नाहीतर टेम्पोतून शिवाजी उद्यमनगर. तिथल्या लेथवर सिलिंडर बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन बसवला, की गाडी नव्या नवरीइतकी जपून चालवायची.

ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचं दुखणं त्यामानाने किरकोळ. पॉलिश पेपरने घासायचे, गॅप 0.4 मिलिमीटरच्या आसपास ठेवायची, कंडेन्सर गेला असला तर बदलायचा. डावीकडच्या दांड्याची गंमत वेगळी. किक आणि गिअर दोन्हींना तो एकच: आत दाबून मागे फिरवला की किक, परत आला की गिअर. चोराला गाडी मिळाली तरी किक सापडायची नाही. मात्र बोल्ट ढिला राहून आतले दाते झिजले की दांडा शाफ्टवर नुसताच फिरे.

दिवाळीच्या आठवड्यात सायलेन्सरची सफाई असे. ऑइल जळून आतल्या बॅफलवर कार्बनचा थर बसतो, वाट चोंदते, पिकअप जातो. काका बॅफल उपसून काढत आणि सरळ न्हाणीघराच्या बंबात, जळणात टाकत. थर जळून जाई, हातोडीच्या दोन ठोक्यांत उरलेला झडे. पहिल्या आंघोळीच्या पहाटे उटण्याच्या वासात जळक्या ऑइलचा वास मिसळला, की आजी बंबाकडे न बघताच काकांच्या नावाने सुरू होई.

आठवणींना भुलून तिला बिनतक्रार गाडी म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. 1985 मध्ये हिरो होंडाची शंभर सीसीची फोर-स्ट्रोक आली. ती पेट्रोल कमी पीत होती, ऑइल मिसळायला लावत नव्हती, धूर सोडत नव्हती. ती जिंकली ते न्यायानेच जिंकली. 1996 मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. पण येझदी बिघडायची तेव्हा का बिघडली ते सांगायची, आणि बहुतेक वेळा दुरुस्ती एका पान्यात, रस्त्याच्या कडेला व्हायची. टिकाऊपणाचा हाही एक अर्थ आहे असं मी मानतो.

तुमच्या गोठ्यात किंवा जिन्याखाली अशी एखादी उभी असेल, तर या दिवाळीत हौसेने थेट किक मारू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, आतला गंज धुवा, कार्बोरेटर साफ करा, आणि मिस्त्रीला आधी दोन्ही ऑइल सीलं बदलायला सांगा. मगच चालू करा.