बाबांची फाइल

बाबांनी परभणीत एका डीटीपीवाल्याकडे बसून १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी टाइप करून घेतल्या होत्या. ते गेल्यावर पुण्यात मी ती वर्ड फाइल उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरांचं कडबोळं! पोटात गोळाच आला.

पण मजकूर गेला नव्हता. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या कोडवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. फॉन्ट नसला की चित्र गायब. मजकूर सिलेक्ट केला, तर वर फॉन्टच्या चौकटीत नाव होतं, शिवाजी०१. मग काय, कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला. रफार, जोडाक्षरं मात्र डोळ्यांनीच तपासावी लागली. चार रात्री गेल्या. (तुमच्याही घरी अशी फाइल असेल तर आधी कॉपी काढा, मूळ फाइलला हातच लावू नका.) प्रकरणांच्या नावांना हेडिंग स्टाइल दिली, अनुक्रमणिका वर्डनेच करून दिली.

पीडीएफ आईला पाठवली. दुपारी फोन, "अरे, सुकडीचं कुठंय? खडी फोडायला गेले की मिळायची ती?"

ती ओळ दुरुस्तीच्या नादात मीच उडवली होती. मूळ फाइल उघडली. होती.