तीन किलोमीटरांचं वॅक्स

वासालॉपेट या स्की शर्यतीच्या नव्वद किलोमीटरांसाठी म्हणून मी जे वॅक्स लावलं, ते खरं तर पहिल्या तीन किलोमीटरांचं होतं. स्वीडनच्या दालार्ना भागात, सेलेनजवळ ही शर्यत सुटते आणि सुटल्यासुटल्या चढ लागतो. तीन-एक किलोमीटरांत वाट सगळ्यात उंच ठिकाणी पोचते. तिथून पुढे मोरा गावापर्यंत गोठलेल्या दलदली, जंगल आणि लहानमोठे चढउतार. ज्यांनी ज्यांनी ही शर्यत केली होती, त्या सगळ्यांनी मला त्या चढाच्याच गोष्टी सांगितल्या. पाय मागे सटकला तर मागचा अंगावर येणार, काठी मोडणार, चारचौघांत शोभा होणार. उरलेल्या ८७ किलोमीटरांबद्दल कोणी घाबरवलं नाही, म्हणून मीही त्यांचा विचार केला नाही.

या स्कीला वॅक्स दोन तऱ्हेचं लागतं. पुढच्या-मागच्या भागाला घसरायचं आणि मध्ये, पायाखालच्या पट्ट्याला, पकडीचं. स्की मध्यावर किंचित वर उचललेली असते. दोन्ही पायांवर भार असेल तर पट्टा बर्फाला जेमतेम टेकतो. एका पायावर सगळं वजन टाकून रेटा दिला की तो दबतो आणि बर्फाचे कण वॅक्समध्ये रुततात. रेटा संपला की ते सुटले पाहिजेत. सगळी गोम इथेच आहे. वॅक्स कडक पडलं तर कण रुततच नाहीत आणि पाय सटकतो. मऊ पडलं तर रुतलेले कण निघत नाहीत आणि तळाला बर्फाचे गोळे धरतात. म्हणून थंडीप्रमाणे पकडीच्या वॅक्सच्या डब्या वेगळ्या: हिरवी कडाक्याच्या थंडीची, निळी नेहमीच्या थंडीची, जांभळी शून्याच्या आसपासची, लाल वितळत्या बर्फाची. स्विक्स या वॅक्सच्या कंपनीने १९४६ मध्ये मार्टिन मात्सबू या स्कीपटूच्या मदतीने ही रंगांची सोय आणली. त्याआधी जो तो डांबर, मेण आणि काय काय एकत्र शिजवून आपापलं गुपित राखायचा.

अंदाज होता पहाटे उणे आठ, दुपारी शून्याच्या जवळपास. उत्तर सरळ होतं. आधी इस्त्रीने पायाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या थराचं, वॅक्स पक्कं बसवायचं आणि त्यावर निळ्याचे पातळ थर, प्रत्येक थर कॉर्कने घासून. ऑफिसातल्या जाणत्या सहकाऱ्याने हेच सांगितलं होतं. वर म्हणाला होता, “पेपरात येतं ते पुढच्या लोकांचं वॅक्स. तू किती वाजता कुठे असशील ते बघ आणि तुझं तू ठरव.” मी मान डोलावली. रात्री भाड्याच्या खोलीत मात्र इस्त्री काढायचा कंटाळा केला आणि पायाचं वॅक्स गाळलं. निळं लावलं, मग चढ आठवला, म्हणून त्यावर जांभळं थापलं. थापलं हाच शब्द बरोबर. कॉर्क दोनदा फिरवला न फिरवला. दुकानदाराने माझ्या वजनाप्रमाणे पट्ट्याची हद्द पेनने आखून दिली होती. तिच्याही चांगलं वीतभर पुढे गेले. जास्त वॅक्स म्हणजे जास्त पकड, असा माझा हिशेब होता.

चढावर काय झालं? काहीच नाही. हजारो माणसं एका अरुंद वाटेत शिरतात आणि शेवटच्या गटांतले आम्ही रांगेत उभे राहतो. एक पाऊल, थांबा. एक पाऊल, थांबा. तासभर स्कीची टोकं फाकवून चाललो. ज्या रेट्यासाठी सगळा खटाटोप, तो मला एकदाही द्यावा लागला नाही.

वर सपाटी लागली, थंडी तशीच होती आणि जांभळ्याने बर्फ धरला. टाचेखाली गोळा, त्यावर आणखी गोळा, मी चार बोटं उंच झालेली. एक स्की दुसरीच्या कडेवर खरवडायची, दहा पावलं बरी जायची, पुन्हा तेच. बाजूने लोक उतारावर नुसते उभे राहून निघून जात होते आणि मी त्याच उतारावर काठ्या मारत होते. स्मोगानच्या थांब्यावर कुणाची तरी प्लास्टिकची पट्टी मागून सगळं खरडून काढलं. खाली निळ्याचं जे काही उरलं, त्यावर पुढची वाट मजेत गेली, हे कबूल केलं पाहिजे. मोंग्सबुदार्नाला ब्लूबेरीचं गरम सूप प्यायले, दोन गोड पाव खाल्ले. त्या सुमाराला पहिला नंबर मोऱ्यात पोचला असणार. पुढच्या लोकांतले बरेच जण तर पकडीचं वॅक्स लावतच नाहीत; सगळं अंतर दोन्ही काठ्यांच्या जोरावर काढतात. मी रात्री पेपरातले जे सल्ले वाचत बसले होते, ते अशांच्या दिवसाचे होते.

दुपारी हवा मऊ झाली, पण हजारो स्कींखालून गेलेल्या चाकोऱ्या चकचकीत आणि खरखरीत झाल्या होत्या. त्यांनी खालच्या थराविना लावलेलं वॅक्स पार पुसून नेलं. एव्हर्ट्सबर्गला, म्हणजे निम्म्या वाटेवर, वॅक्स लावून देणारी मंडळी उभी होती. रांग पाहिली, घड्याळ पाहिलं आणि पुढे निघाले. रात्रीच्या चुका भीतीच्या आणि कंटाळ्याच्या होत्या. ही निव्वळ हिशेबाची. ऑक्सबर्गच्या आधीच्या चढांवर मी टोकं फाकवत, दंडांच्या बळावर, म्हाताऱ्या माणसांकडून मागे टाकली जात चढले. रांग टाळून वाचवलेला वेळ पहिल्याच टेकाडावर गेला.

ठरलेल्या वेळेनंतर प्रत्येक थांब्यावर वाटेत दोर आडवा लावतात. ऑक्सबर्गला तो माझ्या आधी लागला होता. एका स्वयंसेवक आजींनी घोट्यावरची चिप सोडवून घेतली आणि बसकडे बोट दाखवलं.

गुस्ताव वासा राजा होण्याआधी मोऱ्याहून सेलेनकडे पळाला होता, १५२०-२१ च्या हिवाळ्यात. त्याची आठवण म्हणून १९२२ पासून लोक उलट दिशेने धावतात. आम्ही ते उरलेलं अंतर बसने कापत होतो आणि बसमध्ये विषय एकच, वॅक्स. कोणी क्लिस्टर नावाचं चिकट वॅक्स लावायला हवं होतं म्हणत होतं, कोणी बर्फाला बोल लावत होतं. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, “तू काय लावलं होतंस?”

“निळं,” मी म्हटलं.

“निळं तर बरोबरच होतं की,” त्या म्हणाल्या. “यंदाचा बर्फच वाईट.”

मी म्हटलं, हो ना.