पर्यावरणवादी मातोश्री

2024 च्या गणपतीत माझा रूममेट पहिल्यांदा आमच्या घरी मिरजेला आला. त्याचं नाव कशाला सांगू, होस्टेलवर सगळे त्याला साहेब म्हणतात, आपणही साहेबच म्हणू. साहेब मूळचे पुण्याचे, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेले. त्यांना अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या मिरजेच्या स्वागत कमानी बघायच्या होत्या. मी म्हटलं, चला. आणि गाडीत बसल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण मला आमचं बाथरूम आठवलं.

आमच्या बाथरूममध्ये टूथपेस्टची ट्यूब संपत नाही. आधी ती खालून गुंडाळली जाते, मग लाटण्याखाली जाते, आणि ‘आता यात काही नाही’ असं सगळ्यांचं एकमत झालं की मातोश्री कात्रीने तिचं पोट फाडतात. त्या पोटात चार माणसांना चार दिवस पुरेल एवढी पेस्ट निघते! शेजारी साबणाची वडी असते, तिला जुन्या साबणाची चपटी पाठ चिकटवलेली. पांढऱ्यावर हिरवा, हिरव्यावर गुलाबी. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात खडकांचे थर दाखवतात, तसं.

साहेब सकाळी तोंड धुवून बाहेर आले ते काही बोलले नाहीत. चांगल्या घरचा मुलगा. पण स्वयंपाकघराच्या दारात मात्र थबकले. ओट्यामागच्या फरशीवर दुधाच्या सात रिकाम्या पिशव्या, कापून, धुऊन, उलट्या करून ओळीने चिकटवलेल्या.

‘‘हे काय रे? डेकोरेशन?’’

माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘‘आई ना, जरा पर्यावरणवादी आहे. झिरो वेस्ट वगैरे.’’

मातोश्री भाकरी थापत होत्या. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. ‘‘पर्यावरण कसलं डोंबलाचं! किलोभर साठल्या की रद्दीवाला पैसे देतो बाळ. बस, गरम भाकरी खा.’’

धरणीमाता दुभंगून पोटात घेत असेल तर बरं, असं मला त्या दिवशी वाटलं. साहेबांनी मात्र तीन भाकरी खाल्ल्या.

तर मंडळी, आता लपवण्यात अर्थ नाही. आमच्या घरची काटकसर ही एक संपूर्ण शासनव्यवस्था आहे. बाबांचा बनियन आधी बनियन असतो, मग फरशी पुसायचं फडकं, मग सायकलची चेन पुसायची चिंधी. त्यानंतर त्याचं काय होतं ते मला माहीत नाही, पण वाया नक्कीच जात नाही. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी. तांदळाचं पाणी कढीपत्त्याला. 2018 साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा सगळी गल्ली कापडी पिशव्या शोधत होती आणि मातोश्री दारात उभ्या राहून, जुन्या परकराची शिवलेली पिशवी हातात नाचवत, निवडणूक जिंकल्यासारख्या हसत होत्या.

यातलं सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे मीटर. महिन्याच्या विसाव्या दिवशी रात्री जेवणं झाली की मातोश्री स्टूल आणि टॉर्च घेऊन दाराबाहेर जातात आणि स्टुलावर चढून विजेचं रीडिंग घेतात. समोरच्या बंगल्यातले काका शतपावली करता करता विचारतात, ‘‘काय वहिनी, किती झाले?’’ आणि वहिनी मोठ्याने आकडा सांगतात! शंभराच्या जवळ गेला असेल तर पुढच्या दहा दिवसांत इस्त्री बंद, मिक्सरऐवजी पाटा, आणि आंघोळीला दुसरी बादली मागणाऱ्याला आजीसुद्धा डोळे वटारते. महावितरणच्या घरगुती दरात पहिली 100 युनिट्स स्वस्त असतात आणि 101 ते 300 मधल्या युनिटचा दर जवळपास दुप्पट असतो. मातोश्रींची पक्की समजूत अशी की शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळंच्या सगळं बिल वरच्या दराने लागतं. मी इलेक्ट्रिकलला आल्यावर पहिल्याच सुट्टीत कागद-पेन घेऊन समजावलं, ‘‘आई, तसं नाही. जेवढी युनिट्स वर जातात तेवढ्यांनाच वरचा दर.’’ ती म्हणाली, ‘‘मग तर बरंच आहे,’’ आणि स्टूल घेऊन बाहेर गेली.

दुसरी खिंड गॅसची. 14.2 किलोचा सिलिंडर ज्या दिवशी लागला ती तारीख कॅलेंडरवर, आणि पन्नास दिवसांच्या आत संपला तर घरात चौकशी समिती. डाळ, भात, बटाटे एकाच कुकरमध्ये तीन डब्यांत. डाळ आदल्या रात्री भिजवलेली. पाण्याला उकळी आली की गॅस लगेच बारीक. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद आणि कुकरला कुणी हात लावायचा नाही, वाफ आपली आपण जिरेपर्यंत. मला लहानपणी हा निव्वळ चिक्कूपणा वाटायचा. थर्मल शिकताना लक्षात आलं की बाई शंभर टक्के बरोबर आहे. उकळत्या पाण्याखाली आच कितीही मोठी केली तरी उघड्या भांड्यात ते शंभर अंशांच्या वर जात नाही, फक्त वाफ जास्त होऊन खिडकीबाहेर जाते. बंद कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं, आणि शिट्टी झाल्यावर आतली उष्णता काम करत राहते. हे आम्हाला एका सेमिस्टरमध्ये शिकवलं, चार क्रेडिट्सचा विषय.

तेव्हा 2024 च्याच दिवाळीत मी ठरवलं की आता घरातल्या सगळ्या सवयींचं रीतसर ऑडिट करायचं. खरं सांगायचं तर ठरवण्यामागे शास्त्रापेक्षा राग जास्त होता. गणपतीतला अपमान अजून उतरला नव्हता. निम्म्या सवयी निरुपयोगी आहेत असं आकड्यांनी सिद्ध करायचं आणि त्या पिशव्या एकदाच्या भिंतीवरून उतरवायच्या, असा डाव. लॅबमधल्या सरांकडून प्लगमध्ये खोचायचा वॉटमीटर चार दिवसांच्या बोलीवर आणला आणि कामाला लागलो.

पहिला बळी मोबाइलचा चार्जर. ‘बटण बंद कर, चार्जर काढ’ हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलंय याची गणना नाही. फोन न लावलेला चार्जर आमच्या मीटरवर 0.1 वॉट दाखवत होता. म्हणजे वर्षभर तसाच ठेवला तरी एक युनिटसुद्धा नाही. मी जिंकलो!

बाबा पंखा कायम दोनवर ठेवतात, वीज वाचते म्हणून. आमच्या बाहेरच्या खोलीत अजून जुना, डब्याएवढा रेग्युलेटर आहे. त्याच्या आत नुसता रेझिस्टन्स असतो. वेग अर्धा झाला म्हणून वीज अर्धी होत नाही. पंख्याने सोडलेल्या विजेतली बरीचशी तो डबा तापवण्यात जाते. बाबांचा हात धरून डब्यावर ठेवला. गरम. बाबा म्हणाले, ‘‘अरेच्चा!’’ दोन-शून्य.

दुधाची पिशवी आजीच्या औषधाच्या वजनकाट्यावर ठेवली तर तीन ग्रॅमही भरेना. म्हणजे किलोला साडेतीनशेच्या आसपास पिशव्या, दिवसाला दोन, म्हणजे सहा महिने भिंत सजवायची आणि हातात पंधरा-वीस रुपये. तीन-शून्य.

मग सेट-टॉप बॉक्स लावला. रिमोटने बंद केलेला. काटा अकरा वॉटवर. मला वाटलं मीटर बिघडलं, काढून पुन्हा लावलं. पुन्हा अकरा. म्हणजे चोवीस तास तसाच राहिला तर महिन्याला आठ युनिट्स, आणि आमच्यासारख्या शंभराच्या काठावर बसलेल्या घरात ती आठही वरच्या दराची. मातोश्री गेली कित्येक वर्षं सीरियल संपली की उठून भिंतीवरचं मुख्य बटण बंद करतात, आणि मी कित्येक वर्षं ‘आई, रिमोटने बंद केलंय ना’ म्हणून ओरडतो. इथे मी जरा गप्प झालो.

गॅसच्या बाबतीत एकच गोष्ट मी भांडून बंद करायला लावली, आणि वाचकहो, तुमच्या घरी असेल तर तुम्हीही लावा. सिलिंडर संपत आला की मातोश्री तो आडवा करून शेवटची भाजी शिजवून घ्यायच्या. सिलिंडर उभा असताना वरचा वायू बाहेर येतो. आडवा केला की द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये आणि नळीत शिरू शकतो, आणि तो एकदम भडकला तर भाजी राहील बाजूला. हे मात्र तिने लगेच ऐकलं.

रात्री जेवताना मी निकाल वाचून दाखवला. चार्जरवर जरा जास्तच रंगलो. ‘‘आई, तू माझ्यावर इतकी वर्षं ज्या चार्जरसाठी ओरडलीस ना, त्याचे वर्षाचे दहा रुपये होत नाहीत!’’ धाकटी बहीण हसली. बाबा हसले. आई काही बोलली नाही, ताक वाढत राहिली.

आजी म्हणाली, ‘‘आणि त्या चार्जरचा फोन कुठनं आला रे?’’

‘‘मामाने दिला.’’

‘‘आई, राहू द्या,’’ आई म्हणाली.

पण आजीने राहू दिलं नाही.

माझी दहावी 2020 ची. आमच्या बॅचचा भूगोलाचा पेपर झालाच नाही, लॉकडाऊनमुळे रद्द झाला, आणि आम्ही नाचलो होतो. बाबा कुपवाड एमआयडीसीत लेथवर आहेत. त्यांचा कारखाना आधी बंद राहिला, मग सुरू झाला तो अर्ध्या पगारावर, आणि तो अर्धाही वेळेवर नाही. हे मला अर्धवट माहीत होतं. अकरावी ऑनलाइन सुरू झाली, घरात बटणांचा एकच फोन. महिनाभर मी समोरच्या काकांच्या व्हरांड्यात बसून त्यांच्या मुलाच्या फोनवर लेक्चर बघत होतो. मग एक दिवस मामा फोनचा खोका घेऊन आला.

तो फोन साडेआठ हजारांचा होता. त्यातले सहा हजार दोनशे आईच्या डब्यातले होते.

फडताळात मागे एक बोर्नव्हिटाचा जुना डबा आहे, एवढं मला माहीत होतं. त्यात सुया-दोरे असतील असं वाटायचं. आईची पद्धत अशी: विजेचं बिल मागच्या महिन्यापेक्षा चाळीस रुपये कमी आलं की ते चाळीस रुपये त्याच दिवशी डब्यात. सिलिंडर पन्नास दिवसांच्या पुढे गेला की पुढच्या प्रत्येक दिवसाचे दहा. पिशव्यांचे पंधरा. नाहीतर वाचलेले पैसे भाजीत कधी मिसळून जातात कळत नाही, असं ती म्हणते. हिशेब कॅलेंडरच्या मागच्या पानांवर. ती पानं आजीने गादीखालून काढून माझ्यापुढे ठेवली. ‘मार्च, बिल, 35.’ ‘सिलिंडर 4 दिवस, 40.’ ‘पिशव्या 16.’ पुढे एका पानावर एकच ओळ, ‘फोन’, आणि खाली रेघ. रेघेखाली पुन्हा, ‘पिशव्या 15.’

मामाला मी तेव्हा मोठं पत्र लिहिलं होतं, सुंदर अक्षरात, थँक्यू म्हणून. आईला बजावलं होतं की फोनच्या खोक्यात भलतंसलतं ठेवू नकोस.

‘‘मग सांगितलं का नाहीस?’’ मी विचारलं.

‘‘तेव्हा सांगून काय करायचं होतं? तू व्हरांड्यात बसायचास ते मला बघवत नव्हतं, एवढंच,’’ असं म्हणून ती उठली आणि भिंतीजवळ जाऊन टीव्हीचं बटण बंद करून आली. जाता जाता माझा रिकामा चार्जरही काढला. मी काही बोललो नाही.

रूमवर परत आल्यावर साहेबांना हे सगळं सांगितलं. आधी पर्यावरणाचं खोटं बोललो होतो तेही कबूल केलं. ते म्हणाले, ‘‘मला तेव्हाच कळलं होतं रे,’’ आणि कूस बदलून झोपले.

2025 च्या गणपतीत साहेब पुन्हा आले. या वेळी मी बोलावलं नव्हतं, त्यांनीच मातोश्रींना परस्पर फोन केला होता. दारातच त्यांनी सॅकमधून एक गाठोडं काढून आईच्या हातात दिलं. कॉलेजच्या गेटसमोरच्या चहावाल्याकडून महिनाभर गोळा केलेल्या दुधाच्या पिशव्या, मोजून दोनशे. आईने गाठोडं हातावर तोललं, खूश झाली. मग एक पिशवी उघडून नाकाशी नेली.

‘‘नीट धुतल्या नाहीस रे बाळ,’’ ती म्हणाली, आणि पुण्याच्या साहेबांना चहाच्या आधी मोरीवर बसवलं.