बंड्याचा बीच-डे

घरी लॅब्रेडॉर असेल आणि घर म्हणजे अंधेरीतला वन-बीएचके असेल, तर त्यासोबत अपराधीपणा अगदी फ्री मिळतो. आठवडाभर माझ्या डेडलाइन्स संपत नाहीत आणि बंड्या बाल्कनीच्या जाळीला नाक लावून बसलेला. म्हणून एका रविवारी ठरवलं, आज याला वर्सोवा बीचवर न्यायचं आणि मोकळं सोडायचं. डोळ्यांसमोर जाहिरातीतलं दृश्य... ओली वाळू, उडणारे कान, स्लो मोशन!

पट्टा काढला आणि बंड्या सुटला. आधी एका जॉगिंगवाल्या काकांना आडवा गेला, मग एका चिमुरडीच्या वाळूच्या किल्ल्यावरून. ती भेदरून रडायला लागली. ‘अहो, तो काही करत नाही,’ मी धावता धावता ओरडत होते. (सगळे कुत्रेवाले हेच म्हणतात. तीन वर्षांच्या पोरीला ते कसं कळावं?) तोवर साहेब पोचले पार उत्तरेच्या टोकाला, कोळीवाड्याच्या बाजूला. तिथे बांबूंच्या वलांडींवर बोंबील लटकत होते आणि खाली जाळ्यावर जवळा पसरलेला. बंड्या त्यात मनसोक्त लोळला आणि मी पोचायच्या आत त्याने पाय वर केला.

‘ए पोरी, हे आमचं वाळवण हाय, तुझ्या कुत्र्याचं मैदान नाय!’ मावशी खराटा घेऊनच आल्या. मी सॉरी म्हणत राहिले, त्या मुकाट्याने खराब झालेला जवळा बाजूला काढत राहिल्या. चांगली पाटीभर होता. समजा, माझ्या लॅपटॉपवर कोणाच्या कुत्र्याने पाय वर केला असता, तर? सोसायटी डोक्यावर घेतली असती मी. पाचशेची नोट पुढे केली. त्यांनी ती घेतली, कनवटीला लावली आणि म्हणाल्या, ‘पुढच्या खेपेला दोरी लाव.’

शिक्षा अजून संपली नव्हती. बंड्या लाटांशी खेळताना भरपूर खारं पाणी प्यायला होता. दुपारभर उलट्या आणि जुलाब. डॉक्टरांनी सलाइन लावता लावता मलाच झापलं. मीठ शरीरातलं पाणी आतड्यात ओढून घेतं, फार झालं तर मेंदूपर्यंत त्रास जातो. सोबत प्यायचं पाणी नेलं होतंस का? नव्हतं. माझ्यासाठी मात्र कोल्ड कॉफी होती!

तरीही आम्ही जातो. आता सकाळी साडेसहाला, ओहोटीची वेळ बघून, लांब दोरी लावून. बाटली आणि वाडगा त्याचा, प्लास्टिकच्या पिशव्या माझ्या हातात (हो, उचलायची आपणच. वाळूत पुरणं म्हणजे उचलणं नव्हे). उन्हं चढली की वाळूवर पाच-सात सेकंद तळहात टेकवून बघते. मला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणारच. बीचवरच्या कुत्र्यांचा तो एरिया आहे, त्यांना लांबूनच वळसा. रेबीजची लस दरवर्षी, त्यात नो कॉम्प्रोमाइज. घरी आल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ आणि बोटांच्या फटींतली वाळू साफ.

पावसाळ्यात मात्र बंदच. तेव्हा किनाऱ्यावर निळ्या फुग्यांसारखे ब्लू बॉटल येतात. वाळूवर मरून पडलेलेही डंख मारतात आणि बंड्याला तर दिसेल ते चाटायचं असतं. आणि २०१८च्या मार्चमध्ये याच वर्सोव्यात ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली होती, हे कळल्यापासून हिवाळा-उन्हाळ्यात त्याला वाळू उकरू देत नाही. घरटं कुठे असेल, सांगता येत नाही.

गेल्या रविवारी मावशी पुन्हा भेटल्या. आधी त्यांनी बंड्याकडे नाही, दोरीकडे पाहिलं. मग एक सुका बोंबील मोडून त्याच्यापुढे टाकला. ‘बिनमिठाचा हाय,’ म्हणाल्या, ‘खाऊ दे.’