लोपेझचा डाव

शेजारच्या अण्णांनी मला सलग दोन वर्षं हरवलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्यात अक्कल कमी नाही, अभ्यास कमी आहे. (ही समजूत आमच्या घराण्यात पिढीजात आहे.) मग बुद्धिबळाच्या सुरुवातींचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि रुय लोपेझ पाठ करायला घेतला. हे लोपेझ स्पेनमधले पाद्री. त्यांचं पुस्तक १५६१ सालचं. डाव तसा सोपा. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, आणि तिसऱ्या खेळीला उंट थेट समोरच्या घोड्याच्या अंगावर. पुढच्या बारा खेळ्या मी दाढी करताना घोकत असे. दोनदा कापलं.

रविवारी पट मांडला. मी प्यादं सरकवलं. अण्णांनीही राजापुढचं प्यादं दोन घरं आणावं, असं पुस्तकात स्वच्छ छापलेलं होतं. अण्णांनी वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवलं आणि तपकिरीची डबी उघडली. आता पाठांतर ते पाठांतर! मी ठरल्या खेळीला उंट नेला, आणि त्याच फुटकळ प्याद्यानं तो खाल्ला.

लोपेझबोवांचा आणखी एक सल्ला उरला होता : पट असा मांडावा, की ऊन प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवर यावं. पंधरवड्यानं अण्णा आले, तेव्हा मी त्यांना आग्रहानं खिडकीसमोर बसवलं. त्यांनी शांतपणे खिशातून काळा चष्मा काढून लावला.

"मोतीबिंदू काढला ना परवा," अण्णा म्हणाले. "आत्ता कुठं सोंगट्या दिसायला लागल्या रे. दोन वर्षं नुसता अंदाजानं खेळत होतो."