व्हायवा, तिसऱ्या आणि आत्या

पीएच.डी.चा व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा, आणि तोंडी परीक्षा म्हणजे पाठांतर, असा आपल्याकडे एक समज आहे. रत्नागिरीची माझी आतेबहीण पण त्याच वाटेने निघाली होती. विषय: भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्यांची वाढ. ओहोटीच्या वेळा बघून पाच वर्षं चिखलात उतरलेली ही मुलगी, आणि आता 40 स्लाइड्स घोकत बसलेली! गेल्या शनिवारी फोन आला, "दादा, तू जरा एक्स्टर्नल हो ना."

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. तिसऱ्या मला फक्त ताटातल्या ठाऊक. पण कोड रिव्ह्यू रोजचाच. म्हटलं, तेच प्रश्न विचारू. हे असंच का केलंस? दुसरा पर्याय का नाही?

"जागा दोनच का?"

"सर म्हणाले."

हे तिथे बोलू नकोस बाई! मग थोडा विचार करून खरं कारण आलं. एक जागा खाडीच्या तोंडाशी, दुसरी आत. पावसाळ्यात काजळी नदीचं गोडं पाणी आलं की दोन्हीकडच्या खारेपणात फरक पडतो, आणि वाढीवर त्याचा परिणाम हाच तर तिचा विषय. स्लाइडवर यातलं काहीच नव्हतं.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे बाहेरच्या दोन परीक्षकांचा होकार आल्याशिवाय व्हायवा होतच नाही. म्हणजे थिसीस आधीच वाचून झालेला असतो. बघायचं असतं ते हे, की काम तुमचंच आहे ना, आणि त्याची हद्द तुम्हाला ठाऊक आहे ना.

बरं, परीक्षकाला सगळं पटलंच पाहिजे असंही नाही. मंडणगडजवळचं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. लंडनच्या डीएस्सीसाठी त्यांनी लिहिलेला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' 1923 साली पुस्तक म्हणून निघाला. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची, आणि तिच्यात त्यांनी सरळ लिहिलंय की यातली बरीचशी टीका मला पटत नाही. तरी डीएस्सी मिळालीच!

असो. फोन स्पीकरवर होता. मागून आत्या म्हणाली, "पण गो, पूर्वीसारख्या तिसऱ्या आता मिळत का नाहीत, ते सांग की."

बहीण जरा थांबली. "आई, ते माझ्या डेटावरून नाही सांगता येणार. मी वाढ मोजली, संख्या नाही."

म्हटलं, हे उत्तर लिहून ठेव. व्हायवात असंच बोल.

"मग संख्या कोण मोजणार?" आत्याने विचारलं.

यावर मात्र आम्ही दोघंही गप्प.