धरमतरच्या खाडीवरून

ओहोटी लागली की डोलवीजवळ धरमतरच्या खाडीचा काळा चिखल उघडा पडतो. तिवरांच्या मुळांशी निवट्या उड्या मारू लागतात. मागे पोलाद कारखान्याची धुराडी उभी, जेट्टीवर कच्चा माल उतरवणारे बार्ज. पेण-रोह्याच्या या पट्ट्यात पाण्याची वाट आजही चालू आहे. अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर इस्लामही पाण्यावरूनच आला.

तो इथे रुजला याचे मोठे कारण वारा. नैऋत्येच्या वाऱ्याने आलेल्या अरब गलबतांना परतायला हिवाळ्यातल्या वाऱ्याची वाट पाहावी लागे. तोवर बंदरात राहायचे, उधारीवर माल द्यायचा, शब्द पाळायचा. कित्येकांनी इथेच संसार थाटले.

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका समुद्राला मिळते तिथे चौल आहे. इ.स. 916च्या सुमारास मसूदी हा अरब प्रवासी तिथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ गादीवर होता. मसूदीने चौलात सुमारे 10 हजार मुसलमानांची वस्ती नोंदवली. त्यांत इथेच जन्मलेलेही होते. त्यांचा कारभार त्यांच्यातलाच एक प्रमुख पाहत असे, आणि त्याला राजाची मान्यता असे.

याहून बोलका आहे तो पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीचा 926चा ताम्रपट. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा महंमद त्यात मधुमती या नावाने येतो. त्याने दोन नद्यांवर फुकट तर सुरू केली. वाटसरूंसाठी अन्नछत्र उघडले. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. राजाच्या संमतीने एका मठाला जमीनही दिली. या ताम्रपटात धर्मोपदेशाचे एक अक्षर नाही. पण तिन्हीसांजेला नदीकाठी अडकलेल्या, भुकेल्या माणसाला त्या कारभाऱ्याच्या धर्माची पहिली ओळख त्या भातातूनच झाली असणार!

दिल्लीची फौज देवगिरीला पोचली ती फार नंतर, तेराव्या शतकाच्या अखेरीस. पुढे सुलतानांच्या सत्तेने, इनामांनी आणि नोकऱ्यांनीही धर्माला बळ दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी मनात घर करायला वेगळी माणसे लागली. माहीमचे मखदूम अली माहिमी (1372–1431) त्यांपैकी एक. अरबीत कुराणावर भाष्य लिहिणारा हा विद्वान कोकणातलाच. त्यांच्या उरुसात मुंबई पोलीस आजही मानाची चादर चढवतात.

घाटावर विजापूरच्या सूफी परंपरेतून दखनीत जात्यावरची आणि चरख्यावरची गाणी आली. दळताना म्हणायच्या त्या चक्कीनाम्यांत जात्याच्या खुंट्याला अलिफची, म्हणजे अल्लाच्या नावातल्या पहिल्या अक्षराची, उपमा असे. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने दाखवून दिले की सूफींची शिकवण साध्या घरांत पोचली ती बायकांच्या या गाण्यांतून. मशिदीतल्या प्रवचनाला पोर येईल तेव्हा येईल. आईच्या मांडीवर ते रोजच असते.

कोकणात समुद्राची खूण अजून शाबूत आहे. इस्लामी धर्मशास्त्राच्या परंपरांपैकी देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी, तर कोकणी मुसलमान शाफी. केरळचे मापिळा शाफी, पार इंडोनेशियातले मुसलमानही बहुतांश शाफीच. अरबी गलबते जिथे जिथे नांगरली, त्या किनाऱ्यांचीच ही रांग.